ऊन वेगळं, ओल वेगळी

एप्रिलमध्ये रात्री नऊ वाजता पुण्यातल्या शेवटच्या मजल्यावरच्या कुठल्याही फ्लॅटच्या छताला हात लावून बघावा. गच्चीवर एव्हाना वारा सुटलेला असतो, पण खालच्या खोलीचं छत तापलेलं. पाच-सहा इंची काँक्रीटच्या स्लॅबमधून वरची उष्णता खाली पोचायला चार-पाच तास लागतात, त्यामुळे दुपारचं ऊन नेमकं जेवणाच्या वेळी घरात उतरतं. पहाटे बाहेर २१ अंश आणि आत ३१ असा प्रकार इथे नवा नाही. पुण्याच्या उन्हाळ्यात गार हवेचा तुटवडा नसतोच. ती रोज रात्री खिडकीबाहेर फुकट उभी असते. अडचण साठलेल्या उष्णतेची आहे.

जून लागला की प्रश्नच बदलतो. पारा २६-२७ वर येतो, पण हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो आकडा, २२ अंशांच्या आसपास चढतो. चपलांना बुरशी लागते, मिठाला पाणी सुटतं, दोरीवरचे कपडे दोन दिवस आंबट वास मारत लटकतात. तेव्हा घराला गारवा नको असतो, कोरडेपणा हवा असतो.

उष्णता काढणं आणि ओल काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. नेहमीचा एसी ती एकाच गार कॉइलवर उरकतो. घर गार-उबदार करण्याच्या तंत्रात आज जे खरोखर नवं आहे, त्यातलं बरंचसं या दोन कामांची फारकत करण्याच्या खटपटीतून आलं आहे. म्हणून चकचकीत माहितीपत्रक हातात आलं की आधी एवढंच विचारावं: हे यंत्र ऊन काढतं की ओल?

उन्हापासून सुरुवात करू, कारण तिथे सगळ्यात स्वस्त उपाय यंत्राविना होतो. पुण्यातल्या जुन्या इमारतींच्या गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, आणि त्यावर पांढऱ्या तुकड्यांचा चायना मोझॅक असायचा. तो वॉटरप्रूफिंगसाठी घातला जाई, पण ऊनही परतवायचा. नंतर गळती लागली की त्यावर काळी डांबरी शीट अंथरायची पद्धत पडली आणि गच्चीचा तवा झाला. काळा पृष्ठभाग एप्रिलच्या उन्हात ६५ अंशांच्या पुढे जातो. ऊन परतवणारा पांढरा रंग नवा असताना ८० टक्क्यांच्या वर प्रकाश परत पाठवतो, आणि स्लॅब मुळात तापतच नाही.

रंग लावताना चुका ठरलेल्या असतात. भेगा आणि कोपऱ्यातल्या वाट्या आधी भराव्या लागतात, शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून गच्ची धुऊन पूर्ण वाळवावी लागते. काम फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला, तेही सकाळी. तापलेल्या स्लॅबवर दुपारी मारलेला रंग धरायच्या आत वाळतो आणि पहिल्या पावसात पापुद्रे सुटतात. प्रायमर आणि वर दोन हात. डब्यावर एसआरआय, म्हणजे उन्हात पृष्ठभाग किती गार राहतो हे सांगणारा आकडा शोधावा. १०० च्या आसपास किंवा वर असेल तर रंग कामाचा. चुन्याचा हात स्वस्त पडतो, पण तो दर उन्हाळ्याला नव्याने द्यावा लागतो. शेजारी बांधकाम चालू असेल, आणि पुण्यात ते कुठे नसतं, तर धुळीने एका वर्षातच परावर्तन बरंच उतरतं. मार्चमध्ये एकदा गच्ची धुणं हा देखभालीचाच भाग समजावा. सोसायटीच्या सभेत ‘फायदा वरच्यांना, वर्गणी सगळ्यांना’ हा मुद्दा निघेल, त्याला कुठल्याही रंगाच्या डब्यात उत्तर नाही.

याच वाटेवर पुढे ज्याला विकिरणी शीतन म्हणतात ते उभं आहे. वातावरण ८ ते १३ मायक्रॉन लांबीच्या अवरक्त किरणांना बऱ्यापैकी वाट देतं. ऊन जवळजवळ सगळं परतवून नेमक्या याच पट्ट्यात उष्णता वर सोडणारा पृष्ठभाग भर दुपारी भोवतालच्या हवेपेक्षाही गार होऊ शकतो. २०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात अशा थराने थेट उन्हात हवेपेक्षा ४.९ अंश कमी तापमान गाठलं. २०२१ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाने बेरियम सल्फेटचा रंग केला, तो ९८.१ टक्के प्रकाश परतवतो. आपल्याला यातलं कळण्यासारखं असं, की ही खिडकी कोरड्या आकाशातच उघडी असते. हवेत बाष्प वाढलं की ती मिटत जाते. मार्च-एप्रिलच्या पुण्यात हा रंग उत्तम चालेल, जुलैत जवळपास नाही. पण जुलैत त्याची गरजही नसते. मुंबईकरांनी मात्र माहितीपत्रकातल्या आकड्यांना सरसकट भुलू नये.

मग रात्रीची फुकट हवा. वाड्यांच्या जाड भिंती आणि मधला चौक हेच काम करायचे. फ्लॅटमध्ये ते पंख्याने करावं लागतं. १० बाय १२ फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३२ घनमीटर हवा. बारा इंची एक्झॉस्ट फॅनने बसवलेल्या अवस्थेत तासाला हजारभर घनमीटर ओढले, तरी तासात तीस वेळा हवा बदलते, आणि वीज लागते पन्नासेक वॅट. रात्री साडेदहा-अकराला बाहेरची हवा आतल्यापेक्षा दोन अंशांनी गार झाली की पंखा सुरू, समोरच्या बाजूची खिडकी उघडी. सकाळी सातला सगळं बंद आणि पडदे खाली. दोन तापमान सेन्सर आणि एक रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) लावून हे आपोआप होतं, आणि घरगुती ऑटोमेशनमधल्या शोभेच्या वस्तूंपेक्षा ही जोडणी जास्त उपयोगाची. फक्त त्यात दवबिंदूचीही अट घालावी, नाहीतर जूनमध्ये तोच पंखा रात्रभर ओल आत ओढत बसतो.

बिघडतं कुठे? मच्छरजाळीवर धूळ बसली की हवा निम्म्यावर येते. स्लायडिंग खिडकी कितीही ताणली तरी अर्धीच उघडते. आणि एक गोष्ट जिवावर बेतणारी: घरात गॅस गिझर असेल तर तो चालू असताना असा पंखा कधीही लावू नये. पंख्याने घरात उणा दाब तयार होतो, गिझरचा धूर बाहेर जायच्या ऐवजी आत खेचला जातो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

छताच्या फॉल्स सीलिंगमध्ये बसवायचे फेज-चेंज पॅनेलही आता विकायला आले आहेत. आतलं मीठ किंवा मेणासारखं द्रव्य २५-२६ अंशांना वितळताना उष्णता पितं आणि रात्री पुन्हा गोठतं. कल्पना चांगली, पण हिशोब मांडून बघावा. किलोला २०० किलोज्यूल धरले तर १०० किलो द्रव्य साडेपाच युनिट (किलोवॅट-तास) उष्णता साठवतं, म्हणजे दीड टनी एसीचं जेमतेम तासाभराचं काम. त्याच खोलीवरचा सहा इंची स्लॅब चार टनांच्या आसपास जड असतो. तो पाच-सहा अंशांनी कमी तापला की तेवढाच हिशोब जुळतो. शिवाय मेमध्ये रात्रीचं तापमान २४ च्या खाली उतरलं नाही की पॅनेल नीट गोठतच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी ती नुसती महागडी फळी उरते. आधी गच्ची पांढरी करावी, पश्चिमेच्या खिडकीबाहेर चिक लावावा. आतला पडदा ऊन घरात आल्यावर अडवतो, बाहेरचा चिक येण्याआधी. दोन चौरस मीटरच्या पश्चिमाभिमुख काचेतून एप्रिलच्या चार वाजता किलोवॅटच्या घरात उष्णता आत येते. म्हणजे उन्हाळ्यात रूम हीटर लावून बसण्यातलाच प्रकार.

कूलरला पुण्यात उगीच नाक मुरडलं जातं. एप्रिलच्या दुपारी ३९ अंश आणि १८ टक्के आर्द्रता असेल तर ओला पारा, म्हणजे पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जिथवर गार होऊ शकते ते तापमान, २१ च्या जवळ असतो. चांगला हनीकोंब पॅड यातलं ८० टक्के अंतर कापतो, म्हणजे पंख्यातून २५ अंशांची हवा येते. पावसाळ्यातल्या एखाद्या उकाड्याच्या दिवशी ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली की ओला पारा साडेसत्तावीस. तेव्हा कूलर नुसती वाफ देतो. कूलर गारवा देतो तो ओल देऊन, त्यामुळे समोरची खिडकी उघडी ठेवल्याशिवाय तो चालत नाही. बंद खोलीत कूलर लावून ‘चिकचिक होते’ म्हणणाऱ्यांची चूक खिडकीत असते.

यातलं नवं रूप म्हणजे दोन टप्प्यांचा कूलर. पहिल्या टप्प्यात बाहेरची हवा पातळ पत्र्यांच्या एका बाजूने जाते. दुसऱ्या बाजूला पाण्याने ओली झालेली वेगळी हवा असते. पत्र्यातून उष्णता जाते, ओल येत नाही. ६० टक्के कार्यक्षमता धरली तर ३९ ची हवा २८ वर येते, आणि बाष्पाचा एक थेंबही न वाढता. हवा गार झाल्यामुळे तिचा ओला पाराही १७ च्या जवळ उतरतो. मग दुसऱ्या, नेहमीच्या ओल्या टप्प्यातून ती साडेएकोणीस-वीसपर्यंत जाते. बाहेर ३९ असताना कॉम्प्रेसरशिवाय २० अंश, ही या तंत्राची खरी करामत. दुखणं पाण्याचं आहे. एक लिटर पाणी उडालं की ०.६८ युनिट उष्णता जाते. मोठा कूलर तासाला दहा-पंधरा लिटर सहज पितो. खडकवासल्याचं पाणी मऊ, पण वाघोली-उंड्रीकडे उन्हाळ्यात टँकर आणि बोअरवर भागवावं लागतं. त्या पाण्याचे क्षार पॅडवर आणि पत्र्यांवर पांढरी पुटं चढवतात. टाकीतलं थोडं पाणी सतत बाहेर सोडणारी नळी बंद करू नये. ती ‘गळती’ म्हणून प्लंबरकडून बुजवून घेतलेली असते, आणि दोन उन्हाळ्यांत पॅड दगड होतो.

ओलीकडे येऊ. इन्व्हर्टर एसीची किमया ही की कॉम्प्रेसर चालू-बंद होत नाही, मंद होतो. दीड टनाचा चांगला एसी पूर्ण भारावर दीड किलोवॅटच्या आसपास घेतो आणि खोली गार झाली की तीन-चारशे वॅटवर येतो. एप्रिलमध्ये यात फायदाच फायदा. जुलैत मात्र हीच मंदगती नडते. बाहेर २६ अंश म्हणजे उष्णतेचं काम जवळपास नाहीच. कॉम्प्रेसर रांगतो, कॉइलचं तापमान १६-१७ वर चढतं आणि त्यावर दव धरणं कमी होतं. वर सेटिंग गाठल्यावर आतला पंखा फिरत राहिला तर कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत मिसळतं. खोली गार आणि दमट, दोन्ही. लोक मग २० वर नेतात आणि पहाटे पांघरूण शोधतात.

याचं मूळ बहुतेक वेळा खरेदीत असतं. १२० चौरस फुटांच्या मधल्या मजल्यावरच्या खोलीला एक टन पुरतो. ‘असू द्या जास्त’ म्हणून घेतलेला दीड टनी एसीच पावसाळ्यात जास्त चिकचिक करतो. टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट, पण तक्त्यात सर्वात कमी क्षमता किती तेही बघावं. तीच जितकी कमी तितका एसी सलग चालतो. पावसाळ्यात ड्राय मोड वापरावा, पंखा सगळ्यात मंद ठेवावा. हवा कॉइलवरून सावकाश गेली की कॉइल गार राहते आणि पाणी काढते. ताऱ्यांवर विसंबू नये. हे तारे देणाऱ्या बीईई या सरकारी संस्थेचं आयएसईईआर, म्हणजे हंगामभराच्या वीज-कार्यक्षमतेचं माप, २४ ते ४३ अंशांच्या बाहेरच्या तापमानावर आणि वर्षाला १६०० तासांवर बेतलेलं आहे. जुलैतल्या ओलीबद्दल ते फारसं काही सांगत नाही. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी चालू होताना २४ वर असतात. कोरड्या दिवसांत २६-२७ आणि सोबत तीसेक वॅटचा बीएलडीसी (कमी विजेच्या मोटरचा) पंखा हे जास्त सुखाचं. हा पंखा बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून थेट जोडणी करून घ्यावी, नाहीतर त्याचं सर्किट लवकर जातं.

बाकी एसीचं आयुष्य कंपनीपेक्षा बसवणाऱ्याच्या हातात जास्त असतं. दीड टनाला सहसा दोन सूत (पाव इंच) आणि चार सूत (अर्धा इंच) नळी लागते. नळीच्या जोडाचा फ्लेअर नट अंदाजाने आवळला की तिथेच गॅस सुटतो. जोडणी झाली की नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती बघायची, मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्या ५०० मायक्रॉनपर्यंत (इथे मायक्रॉन हे उरलेल्या दाबाचं माप) रिकाम्या करायच्या. पंपाच्या ऐवजी थोडा गॅस सोडून ‘हवा उडवणारा’ कारागीर दिसला तर काम थांबवावं. नळीत उरलेली ओल तेलात मिसळून आम्ल तयार करते आणि वर्ष-दोन वर्षांत कॉम्प्रेसरचं वायंडिंग खाते. पाण्याच्या नळीला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार हवा.

आणि पुण्याची खास खोड: बाहेरचं युनिट ड्राय बाल्कनीत, म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेल्या धुण्याभांड्याच्या छोट्या बाल्कनीत ठेवायचं आणि मग बाल्कनी काचेने बंद करायची. युनिट स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं, आत ५० अंश होतात, वीज वाढते आणि दुपारी यंत्र ट्रिप होतं. ‘गॅस कमी झालाय’ असं निदान होऊन उगाच भरणा केला जातो. नाल्याकाठच्या सोसायट्यांत तर हायड्रोजन सल्फाइडने तांब्याच्या कॉइल काळ्या पडून सच्छिद्र होतात. तिथे लेप दिलेली कॉइल मागून घ्यावी.

गॅसचं चित्रही बदलतं आहे. जुना आर-२२ ओझोनला घातक. आर-४१० ए ओझोनला निर्धोक, पण तापवृद्धीत कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून जास्त. आज बहुतेक यंत्रांत असलेला आर-३२ सुमारे ६७५ पट. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन, त्याचा आकडा नगण्य. सातारा रस्त्यावर शिरवळला गोदरेजने २०१२ पासून प्रोपेनवरचे घरगुती एसी काढले, हे पुणेकरांनाही फारसं माहीत नाही. तापवृद्धी करणारे असे गॅस कमी करण्याचा किगाली करार २०१६ चा, भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला आणि २०२८ पासून आर-४१० ए, आर-३२ यांसारख्या गॅसांचा वापर आहे त्या पातळीवर गोठवायचा आहे. प्रोपेन जळणारा, म्हणून यंत्रात त्याचं वजन मोजूनमापून भरलेलं असतं आणि विजेचे भाग त्यानुसार बंदिस्त असतात. जुन्या आर-२२ च्या एसीत ‘हा गॅस जास्त गार करतो’ म्हणून प्रोपेन भरून देणारे भेटतात. त्यांना दारातूनच परत पाठवावं.

ऊन आणि ओल वेगळी काढण्याचा सगळ्यात मोठा प्रयोग २०१८ ते २०२१ मधली ग्लोबल कूलिंग प्राइज ही स्पर्धा. अट पाच पट कमी हवामान-भाराची होती, आणि खोली २७ अंशांपर्यंत व आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवायची होती. तापमानासोबत आर्द्रतेची अट घातली तिथेच नेहमीचे एसी अडखळतात. ग्री आणि डायकिन या कंपन्यांचे संघ जिंकले. अंतिम फेरीतल्या ट्रान्सएरा या कंपनीने हवेतली ओल शोषणारे खास सच्छिद्र पदार्थ वापरले होते. छतातल्या नळ्यांतून १६-१८ अंशांचं पाणी फिरवणारं रेडियंट शीतनही याच मुद्द्यावर अडतं. एप्रिलमध्ये दवबिंदू दहाच्या आसपास, छत कोरडं. जुलैत २२, म्हणजे छतातून घरातच पाऊस. वेगळा ओल काढणारा एसी जोडल्याशिवाय ते बंगल्यातही घालू नये. जमिनीखालून हवा फिरवायची कल्पना तर काळ्या पाषाणात खोदाई करताना बजेटसकट संपते. आणि ऑनलाइन मिळणारे टेबलावरचे ‘मिनी एसी’ म्हणजे ओला स्पंज आणि छोटा पंखा. पेल्टियरवाले, म्हणजे वीज दिली की एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम होणाऱ्या चकतीचे, त्याहून वाईट, कारण ते घेतलेल्या विजेइतकीही उष्णता ओढत नाहीत आणि मागून सगळी खोलीतच सोडतात.

उबेची गरज इथे थोडी. डिसेंबर-जानेवारीतल्या आठ-दहा अंशांच्या रात्रींसाठी दोन किलोवॅटचा हीटर घेण्यापेक्षा हॉट-अँड-कोल्ड एसी घेतलेला बरा. तीच ऊब तो सहाशे-सातशे वॅटमध्ये देतो. पुण्यात बाहेरच्या कॉइलवर बर्फ जमायचा प्रसंग क्वचितच.

पाणी तापवण्यात मात्र हीट पंपाला इथे खरी जागा आहे. २०० लिटर पाणी २० वरून ५५ अंशांवर न्यायला आठ युनिट उष्णता लागते. गिझर ती आठ युनिट विजेत देतो, हीट पंप अडीच-पावणेतीन युनिटांत. उरलेली पाच-साडेपाच युनिट तो हवेतून ओढतो, आणि ही हवा गार होताना तिची ओल सांडते. सोलरवर जुलैत ढग असतात, तेव्हाच घराला कोरडेपणा हवा असतो. ड्राय बाल्कनीत बसवलेला असा हीट पंप रोज तीन-चार लिटर पाणी हवेतून काढतो, आणि तिथे दोरीवर टाकलेले कपडे वाळतात.

बसवताना चार गोष्टी. भरलेल्या टाकीसकट वजन पावणेतीनशे-तीनशे किलो होतं. ते बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला नको, बीमच्या किंवा भिंतीच्या लगत हवं. बाल्कनी पूर्ण बंद नको, नाहीतर हवा गार होत जाऊन यंत्र मंदावतं. स्वयंपाकघराच्या बाजूची झडप उघडी ठेवावी, घरातली दमट हवा तिकडे ओढली जाते. दवाची नळी मोरीच्या जाळीपर्यंत स्वतंत्र न्यावी, वॉशिंग मशीनच्या नळीत जोडू नये. दाबाने साबणाचं पाणी उलटं चढतं. बोअरचं पाणी असेल तर टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड दरवर्षी उघडून बघावा आणि बोटाएवढा बारीक झाला की बदलावा. टाकी बाथरूमपासून लांब असेल तर नळीला इन्सुलेशन घालावं. नळी जितकी लांब तितकं जास्त गार पाणी आधी बादलीत येतं. ते ओतून न देता झाडांना घालायची सोय बहुतेक घरांत आधीपासूनच असते.